पिराजीचं पोतं आणि माझं मानपत्र

कोल्हापूर, मंगळवार

ती. अक्कास,

विजयसिंहचा वाकून नमस्कार. (कमरेमुळं निम्मंच वाकलोय, उरलेलं निम्मं समक्ष भेटीत.) तुझे गुडघे, दाजींची शुगर आणि लंगडणारी म्हैस या तिघांची खबर तुझ्या कृष्णातकडून कळते, तरी विचारायची रीत म्हणून विचारतो. फोन का केला नाही म्हणशील, तर तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि निम्मं गडमुडशिंगी गाव ऐकत बसतं. हे पत्र एकटीनं वाचायचं आहे.

अक्का, प्रसंग गंभीर आहे. गेले अकरा दिवस माझा एकही बनियन वाळलेला नाही. सत्तावीस वर्षं मी पोरांना कवितेतला ओलावा समजावून सांगितला, पण तो अंगात घालून नववीच्या वर्गात उभं राहण्याची पाळी पहिल्यांदाच आली. कारण असं की आमची गॅलरी फ्लेक्सनं झाकली आहे. तिसऱ्या मजल्यापासून खाली दुकानांपर्यंत एकच फ्लेक्स, आणि त्यावर तळमजल्यावरच्या पिराजीची अनुजा लाल ग्लोव्हज घालून उभी. पोरीनं बॉक्सिंगच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्णपदक आणलं. तिचा डावा ग्लोव्ह बरोबर आमच्या गॅलरीवर येतो आणि जे काय ऊन येतं ते त्या ग्लोव्हमधून गाळून येतं, त्यामुळं घरात सगळं लालभडक. रविवारी तुझ्या भावजयीनं मटण केलं तर पांढरा रस्साही तांबडाच दिसत होता, आणि मी तो भीतभीत, फुंकर मारत प्यायलो. तक्रार करावी तर कुणाकडं? फ्लेक्स तालमीनं लावलाय आणि खाली शुभेच्छुकांचे बेचाळीस चेहरे आहेत, त्यात तिसरा माझा.

रिंगमधलं तिचं कर्तृत्व मला नीट कळलं नाही. (तीन फेऱ्या, नऊ मिनिटं. मी चष्मा पुसेपर्यंत पंचांनी तिचा हात वर केला होता.) रिंगबाहेरचं मात्र रोज बघतो. चौकातल्या कट्ट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या पोरींना नावं ठेवणारं मंडळ आता हातात पुस्तकं घेऊन बसतं, पुस्तकं कुठली ते विचारू नये. माझ्या स्कूटरच्या जागेत सहा वर्षं मोटार लावणारे गृहस्थ परवा स्वतः येऊन किल्ली दाखवून सांगून गेले, सर, काढली बघा गाडी. दुसऱ्या मजल्यावरचा बँकेतला अभिराम सकाळी दोरीवरच्या उड्या मारतो, आणि त्याच्या आईला बसमध्ये बसायला जागा मिळते, केवळ ती या इमारतीत राहते म्हणून. पोरगी कुणाला काही बोलत नाही, हात उचलणं तर लांबच. नुसती जिन्यात बसून बुटाची नाडी बांधते, आणि लोक सुधारतात. तुझ्या भावजयीनंही तिच्या होऊ घातलेल्या वर्गात नाव घातलंय. वर्ग सुरू व्हायचाय, पण हाताला पट्टी गुंडाळायचा सराव घरी चालू आहे. काल चहात साखर कमी आहे असं म्हणणार होतो, तेवढ्यात पट्टीकडं लक्ष गेलं आणि चहा उत्तम झालाय असं म्हणालो.

आता सत्काराचं सांगतो. सत्कार कुणी केला, तर आमच्या तालमीनं. म्हणजे ज्या तालमीनं आठ वर्षांपूर्वी पिराजीला, आखाड्यात पोरीबाळींचं काम न्हाय, म्हणून दारातूनच परत पाठवलं, त्याच. तालमीला आजवर पैलवानांचेच सत्कार करायची सवय, त्यामुळं अनुजाला फेटा बांधला आणि हातात चांदीच्या मुलाम्याची गदा दिली. बॉक्सिंगमध्ये गदा वापरत नाहीत असं कुणीतरी तालमीचा अध्यक्ष सम्राट याच्या कानात सांगितलं. त्यानं थोडा विचार केला आणि म्हणाला, वापरत नसतील, पर शोभंल की. मग माझं मानपत्र झालं. गल्लीतली सगळी मानपत्रं मीच लिहितो हे तुला माहीत आहे. खरं तर एकच लिहिलंय, चौदा वर्षांपूर्वी, नंतर फक्त नाव बदलतो. त्यामुळं अनुजानं शड्डू ठोकून, लाल मातीत घुमवून, प्रतिस्पर्ध्याची पाठ जमिनीला टेकवली असं मी खणखणीत आवाजात वाचलं. कुणाला काही खटकलं नाही. टाळ्या पडल्या.

टाळ्या पडल्या की माझं काय होतं ते तू लहानपणापासून बघतेस. मी कागद बाजूला ठेवला, गळा साफ केला आणि म्हणालो, गच्चीवर टाकीखाली जे पोतं बडवून ही पोर मोठी झाली, ते पोतं या हातांनी बांधलेलं आहे. मग तर काय, सम्राटनं मलाही फेटा बांधला. अनुजानं नुसतं माझ्याकडं बघितलं. सामन्यात समोरच्या पोरीला काय दिसत असेल ते मला तेव्हा कळलं.

अक्का, ते पोतं पिराजीनं बांधलं होतं. तो कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत फाउंड्रीला होता. तालमीनं परत पाठवल्यावर त्यानं तागाचं पोतं आणलं, त्यात चिंध्या आणि फाउंड्रीतली काळी वाळू भरली, दाभणानं तोंड शिवलं आणि टाकीखालच्या लोखंडी अँगलला हूक लावून टांगलं. तो अँगल बरोबर माझ्या कॉटवर येतो. पहाटे पाचला धप धप सुरू झालं की पंखा बंद असूनही हलायचा. मी दोनदा गोड बोलून बघितलं. तिसऱ्यांदा मे महिन्यात ती मंडळी गावच्या जत्रेला गेली, आणि मी कृष्णातला टेम्पो घेऊन बोलावलं. (तुझ्या लेकाला दोष देऊ नकोस, मामानं सांगितलं ते त्यानं केलं. पण दूध संस्थेत राहून त्याला दिसेल त्याचं वजन करायची खोड लागली आहे, त्यानं पोतं खालच्या किराणा दुकानातल्या काट्यावर टाकलं.) तुला मी सांगितलं होतं की शाळेतलं जुनं सामान निघालंय, दाजींना धार काढताना बसायला बरं. ते म्हणजे हेच पोतं.

पिराजी जत्रेहून आला, तीन दिवस पोतं शोधलं, आणि चौथ्या दिवशी पोलिसांत द्यायचा अर्ज लिहून घ्यायला माझ्याकडंच आला. या गल्लीत अर्ज लिहिणारा दुसरा आहे कोण? मी लिहिला. चोरट्याचा निषेध करणारं एक वाक्यही घातलं, ते आजही वाचण्यासारखं आहे. पुढं अनुजा स्टेडियमजवळच्या क्लबात जायला लागली. चोरी झाली नसती तर ती आमच्या गच्चीवरच अडकून राहिली असती, म्हणजे पदकात माझा वाटा आहेच, असं मी मनाला इतक्या वेळा समजावलं की मानपत्राच्या दिवशी ते आपसूक तोंडातून आलं.

काल संध्याकाळी अनुजा पेढे घेऊन घरी आली. खुर्ची दिली तर बसली नाही. पिशवीतून एक लॅमिनेट केलेला कागद काढून माझ्या हातात दिला. अक्षर माझंच, वळणदार. मधोमध लिहिलं होतं, 'सदर पोत्याचे वजन अडतीस किलो सातशे ग्रॅम.'

"आबा हे वाचून लई हसलते," ती म्हणाली. "म्हणले, आमी जल्मात त्येचं वजन केलं न्हाय, सरांनी ग्रॅम सुदीक लिवल्यात."

मग अर्ज पोलिसांत का दिला नाही, असं मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

"दिला असता तर पोलिसांनी बी वाचला असता की, सर. आबा म्हणले, त्येंची झोप मोडत असंल, ऱ्हाऊ दे."

पिराजी गेल्या श्रावणात वारला. तोवर सात वर्षं रोज सकाळी जिन्यात भेटला की आधी रामराम घालायचा. मी मान हलवून पुढं जायचो, शाळेची घाई असायची.

येत्या रविवारी गच्चीवर गल्लीतल्या पोरींचा पहिला वर्ग आहे आणि सोमवारी अनुजा शिबिराला चालली आहे. पहिला ठोसा आबांच्या पोत्यावरच मारायचा असं तिनं ठरवलंय. जाताना दारात थांबून एवढंच म्हणाली, "समद्यांम्होरं तुमीच बांधलं म्हणालाय न्हवं. मग बांधा की."

बाकी इकडं सर्व ठीक. दाजींना नमस्कार, म्हशीला चुचकारणं.

तुझा,
विजयसिंह

ता. क. एवढं लिहिलं ते एका कामासाठी. कृष्णातबरोबर पोतं शनिवारपर्यंत पाठव. दाजींना बसायला प्लॅस्टिकचं स्टूल टेम्पोवाल्याकडं देतोय. पोतं धुऊ नकोस. कुठं उसवलं असेल तर तसंच राहू दे, शिवण पिराजीची आहे.

ता. क. दुसरा. दर दिवाळीला तू ज्या कमरेसाठी तेल पाठवतेस, ती वह्यांच्या गठ्ठ्यानं गेलेली नाही. अडतीस किलो सातशे ग्रॅम गच्चीवरून खाली आणताना गेली. तेल मात्र चांगलं आहे, बंद करू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायच्या आधी गच्चीवर जाऊन आलो. जुना हूक मीच कानशीनं घासून काढला होता (अर्जात हे नव्हतं), नवा आणून बसवला. अँगल चांगला लांब आहे. हूक चार फूट सरकवला असता तर पोतं आमच्या मोरीवर आलं असतं. पण जुन्या हुकाची गंजकी खूण होती, तिथंच बसवला. कॉट हलवायची का, असं तुझी भावजय विचारत होती. नको म्हणालो.