शिंकेवर अडलेलं स्थळ

भिवंडी, गुरुवार

चि. सौ. कमळ हिस,

केसरीनाथदादाचे आशीर्वाद. दिघाशीला सगळे सुखरूप असतील असं धरून चालतो. भावोजींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. आपली आई ठणठणीत आहे; ऐंशी ओलांडली तरी भाजीवाल्याशी भांडल्याशिवाय वांगी घेत नाही. हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि लडकूशेठांचं घर तुझ्या भिंतीला भिंत लागून. म्हणून थोरल्या मितेशच्या हाती चिठ्ठी पाठवतो.

लडकूशेठ रागावले ते बरोबरच आहे. आमच्या धाकट्या मनोजसाठी त्यांची विनिता पाहायला येतो म्हणून तीनदा कळवलं आणि तीनदा पोचलो नाही. मुलगी पसंत नसावी असं त्यांना वाटणारच. खरं कारण आमच्या मृणालीचं नाक आहे. (मितेशची मुलगी, आता नववीत. सकाळी डोळे उघडण्याआधी शिंकते.) आपल्या घरची रीत तुला ठाऊक आहे: निघताना कुणी शिंकलं की परत आत यायचं, बसायचं, पाणी प्यायचं. आपल्या लहानपणी ही रीत परवडायची, कारण अख्ख्या आळीत शिंकणारा एखादाच. आता घरटी एक-दोन पोरं नाक चोळत बसलेली असतात. पहिल्या वेळी मृणाली शिंकली. एक शिंक वाईट, दोन बऱ्या, असं आई म्हणते. पण ही एकदा सुरू झाली की सम झाल्या की विषम यावर घरात दोन तट पडतात. वाद मिटेपर्यंत राहुकाळ लागला. दुसऱ्या वेळी तिला मागच्या खोलीत बसवलं, तर शेजारच्या इक्बालभाईंचा तौहीद त्यांच्या गच्चीवर शिंकला. शेजाऱ्याची शिंक धरायची की नाही हे ठरेपर्यंत संध्याकाळ झाली. इक्बालभाई बिचारे स्वतः येऊन विचारून गेले, "केसरीभाई, बोलो तो उसको नानी के घर भेज दूँ?"

यावर मृणालीने जे केलं त्याचं मला फार कौतुक आहे. ती रडली नाही, रुसली नाही. आळीत घरोघर जाऊन विचारून आली, हल्ली किती मुलांचं नाक असं आहे आणि म्हाताऱ्यांच्या लहानपणी कसं होतं. म्हातारे एकमुखाने म्हणाले, आमच्या वेळी असलं काही नव्हतं. तिने आईला खोदून खोदून विचारलं, तेव्हा आई म्हणाली, "नाक तं वाहायचाच गो. पदराला पुसायचा नि शेतावर जायचा. त्याला नाव नव्हता." मग पोरगी डॉक्टरीणबाईंकडे गेली. त्या म्हणाल्या, दोन्ही खरं आहे. आता ॲलर्जी असं नाव मिळालं म्हणून मोजली जातात, आणि धूळ, धूर, बंद खोल्या यांमुळे म्हणा, अशी मुलं वाढलीही आहेत. काहींचं तर ऐन दहावी-बारावीत सुरू होतं. रात्री जेवताना मृणाली मला म्हणाली, "आजोबा, शिंक क्वचित होती तोवर अपशकुन होती. आता ती हवामान झाली." मी भात पुन्हा वाढून घेतला.

तिसऱ्या वेळी सगळे गाडीत बसले आणि मृणाली दिसेना. दारामागे सापडली. ओढणी तोंडात कोंबलेली, डोळे लाल, काकाचं लग्न मोडू नये म्हणून शिंक दाबून उभी. हातानेच खुणावत होती, तुम्ही निघा. मला माझीच लाज वाटली. म्हटलं, शिंक बाई. ती पोटभर शिंकली आणि तिला शेजारी बसवून आम्ही तसेच निघालो. अंबाडीच्या अलीकडे कंटेनर आडवा. गाडी तासन्‌तास हलली नाही. आई म्हणाली, "बघ, सांगत व्हते ना मी?" मृणालीने शांतपणे विचारलं, "मोठ्या आजी, पुढे एवढ्या गाड्या अडकल्यात, त्यांच्या घरी कोण शिंकलं?" आईने डोळे मिटून घेतले. रस्ता मोकळा झाला तेव्हा लडकूशेठांचा निरोप आला होता, रविवारी दुसरे पाहुणे बोलावतोय. तिथूनच परत फिरलो.

तर शनिवारी आम्ही येतोय, कुणीही शिंकलं तरी. तोवर त्यांना कसंही करून थोपव.

तुझा दादा

ता. क. : मनोजने काल सांगितलं की विनिता आणि तो दापोड्याला समोरासमोरच्या गोडाऊनमध्ये ड्युटीला आहेत, वर्षभर चहा एकत्र पितात आणि दोघांचं ठरलेलं आहे. म्हणजे पाहायचं राहिलंय ते आपलंच. मृणालीला हे आधीपासून माहीत. मग सांगितलं का नाहीस, विचारलं तर म्हणते, "तुम्ही पाणी पीत होता."

आणखी एक : खरं काम हे आहे. वरचं पत्र लडकूशेठांना वाचून दाखव (पहिला परिच्छेद, ‘थोपव’ची ओळ आणि ता. क. सोडून), हे मात्र फक्त विनितासाठी. तिचंही नाक असंच आहे म्हणे. त्यांच्याकडेही आपलीच रीत, कुणी निघालं की तिला मागच्या पडवीत पाठवतात. आणि पाहुण्यांसमोर शिंक दाबून धरायची अशी तिला ताकीद आहे. तिला एकटीला गाठून सांग, शनिवारी पोहे घेऊन बाहेर येताना शिंक आली तर येऊ दे. आम्ही कुणी उठणार नाही.