बियाण्याची माळ

गास, वसई
ता. २४ सप्टेंबर १९५२

प्रिय क्लारा,

तुझा निरोप मायकलने रविवारी संध्याकाळी आणला. तुला आणि बाळाला घरी घेऊन यायला नंदाखालला तुझ्या माहेरी गेलेला मुलगा एकटाच अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हाच काय ते आम्हाला समजलं. तू म्हणालीस म्हणे, "आईनी मला माफ केलं म्हनतात, पन कशाबद्दल? मी माळ काढलीच नाय. न केलेल्या चुकीची माफी घेऊन मी त्या घरात पाय ठेवायची नाय." मायकलने हे एका दमात सांगितलं आणि पाय न धुताच आत जाऊन पडला. तुझं काही चुकलं असं मला वाटत नाही. तुझी समजूत घालायला हे पत्र लिहीत नाहीये, हे आधीच सांगून टाकतो; नाहीतर सासऱ्याचं पत्र म्हणून तू ते दोन ओळींत गुंडाळून ठेवशील. मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती तोंडातून निघायला चार महिने लागले, तेव्हा आणखी एखादं पान लागलं तर वैतागू नकोस. आधी मिरचीचं सांगतो. मिरचीवर बोलायचं म्हटलं की माझी गाडी बरी चालते.

तर, आपलं बी मिळालं. मेलं नव्हतं. मर्सेसच्या आग्नेसमावशीला मायकलच्या आईने सहा वर्षांपूर्वी मूठभर दिलं होतं. पुढे त्यांनी सगळ्या वाडीत केळी लावल्या, म्हणून ते बी गेलंच असं आम्ही धरून चाललो होतो. ऑगस्टच्या अखेरीस ती सहज भेटायला आली, आपल्या घरातली सुतकी तोंडं पाहून तिने कारण विचारलं आणि ऐकल्यावर हसतच सुटली. त्यांच्या गोठ्यामागे चार झाडं दरवर्षी आपली उभी असतात, त्यांच्याकडे कुणी बघतही नाही. आठवड्याने तिने फडक्यात बांधून मिरच्या पाठवल्या. मायकलच्या आईने एक मिरची मोडली, वास घेतला, जिभेला लावली आणि खाली बसली. तीच लांब, सुरकुतलेली, रंगाला चढ आणि तिखटाला बेताची मिरची. माझ्या आईपासून घरात चालत आलेली. मला किती बरं वाटलं म्हणून सांगू. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

यंदा मिरची विहिरीच्या उगवतीकडच्या तुकड्यात लावायची. गेल्या वर्षी तिथे केळी होती, जमीन पोसलेली आहे. मावळतीकडे वांगी झाली, आणि वांग्यामागून मिरची लावली की पानं कशी आकसतात हे तू लग्न होऊन आलीस त्या वर्षी पाहिलंच आहेस. साठ झाडं बसतील. मायकल म्हणतो ऐंशी, पण त्याला सगळंच दाटीवाटीने लावायची घाई. दोन झाडांत हातभर जागा हवी, म्हणजे बायकांना तोडा करताना पदर अडकत नाही. रोपांसाठी उंच वाफा कालच करून ठेवला. जुनं शेणखत चाळून घातलं, वर चुलीची राख पसरली, कारण मुंग्यांना हे बी आपल्यापेक्षा जास्त आवडतं. पेरलं की वर भाताचा पेंढा आणि झारीने हलकं पाणी. महिनाअखेरीच्या आत बी पडलं तर नोव्हेंबरच्या मध्याला रोपं हलवता येतील, नाताळात फुलं, जानेवारीत हिरव्या मिरचीचा पहिला तोडा आणि ईस्टरच्या आधी लाल मिरची अंगणात. पाऊस आता सरत आला आहे, दुपारी चांगलं ऊन पडतं. रहाटाचे दोन पोहरे फुटले होते, तेही बदलले.

बियाण्याच्या मिरच्या कशा धरायच्या, ते तुला तुझ्या सासूने पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. पहिल्या तोड्याच्या नाहीत आणि शेवटच्याही नाहीत, दुसऱ्या तोड्याच्या, झाडाच्या मधल्या फांद्यांवरच्या. देठासकट केळीच्या वाळलेल्या सोपटाच्या दोरीत ओवायच्या आणि चुलीवरच्या वाशाला टांगायच्या. धूर लागला की कीड लागत नाही. त्या माळेला घरात कुणी हात लावायचा नाही, सणाच्या दिवशी मिरची कमी पडली तरी नाही. माझ्या आईच्या वेळी मी लहानपणी एक तोडली होती, तर तिने मला दिवसभर गोठ्यात बसवलं होतं. म्हणजे त्या माळेची किंमत या घरात सर्वांत आधी कुणाला कळली असेल तर मला. आता मी जे सांगणार आहे, ते हे लक्षात ठेवून वाच.

मे महिन्यात मसाला कुटायच्या आदल्या दिवशी मी कौलं चाळायला घेतली होती. तुला सातवा महिना होता. तू अंगणात चटईवरच्या मिरच्या हलवत होतीस, आणि मायकलची आई कुटायला बोलवायच्या बायकांना निरोप द्यायला गेली होती. स्वयंपाकघरावरची कौलं काढायची म्हणून वाशाला टांगलेलं सगळं मी खाली उतरवत होतो: सुकटीची टोपली, कांद्यांची वेणी, आणि ती माळ. दोरी धुराने कुजली होती. हातात घेताच तुटली आणि मिरच्या जमिनीवर विखुरल्या. मी त्या गोळा केल्या, धूळ नको म्हणून झटकल्या, मागच्या दाराने बाहेर आणल्या आणि चटईच्या कडेला टाकल्या. तेवढंच ऊन लागेल, संध्याकाळी नवी दोरी करून ओवू, असं मनात होतं. तू तेव्हा पाणी प्यायला आत गेली होतीस. तुटलेली दोरी मी सदऱ्याच्या खिशात घातली. मग वर चढलो, कौलांच्या नादात अंधार पडेस्तोवर उतरलो नाही, आणि उतरल्यावर माळेची आठवण माझ्या डोक्यातून साफ गेली होती.

दुसऱ्या दिवशी तू चटईवरच्या सगळ्याच मिरच्यांचे देठ खुडलेस, चार बायकांनी उखळात कुटलं, दुपारपर्यंत मसाला बाटल्यांत ठासून भरला. संध्याकाळी मायकलच्या आईने वर पाहिलं आणि वासा रिकामा. मग काय झालं, ते तुला सांगायला नको. "देठ खुडायला तूच बसली व्हतीस, कोनी काढली माळ?" असं तिने विचारलं. "मी नाय काढली," असं तू तीनदा म्हणालीस. बायका उखळ धुवायच्या थांबल्या. मी दारात उभा होतो. हात खिशात होता आणि खिशात ती दोरी होती. एक शब्द बोललो असतो तर संपलं असतं. मला बायकोची भीती वाटली म्हणावं, तर तेही पूर्ण खरं नाही. मला चार बायकांसमोर मूर्ख ठरायची लाज वाटली. नंतर सांगू, असं म्हटलं. सगळे आत गेल्यावर ती दोरी मी चुलीत टाकली. क्लारा, मिरच्या सांडल्या ती चूक होती. दोरी जाळली ते पाप होतं, आणि ते करताना मला माहीत होतं.

पुढचं सगळं त्या एका गोष्टीवर रचत गेलं. तिने तुला खोटारडी म्हटलं, तू जेवण सोडलंस, आणि बाळंतपणाला माहेरी जायची वेळ आली तेव्हा तू तिला न सांगता निघालीस. तुझी वेळ अवघड गेली, दोन दिवस कळा देत होतीस, हे ऐकलं तेव्हा मी वाडीत केळीखाली बसून देवाला म्हटलं, पोर सुखरूप सुटू दे, मी सांगतो. तू सुटलीस, बाळ धडधाकट निघालं, आणि मी सांगितलं नाही. बाप्तिस्म्याला मायकलची आई हट्टाने आली नाही. मी नंदाखालच्या देवळात मागच्या बाकावर बसलो होतो. फादरनी बाळाचं नाव उच्चारलं, लुईझा. थोरल्या मुलीला आजीचं नाव द्यायची रीत तू पाळलीस, ज्या सासूने तुला खोटारडी म्हटलं तिचंच नाव. मी कॉफी न पिता तिथून निघालो. तुला वाटलं असेल म्हातारा रागावला.

मग बी आलं, आणि मायकलच्या आईचा राग एका दिवसात वितळला. ती वाईट बाई नाही, हे तुलाही माहीत आहे. तिने नव्या पातळाची घडी काढली, बाळाला झबली शिवली आणि मायकलला म्हणाली, "जा, घेऊन ये तिला. मी माफ केलं म्हनावं." घरात सगळ्यांना सुटल्यासारखं वाटलं, फक्त मला नाही. चार महिने तुझ्यावरचा तिचा राग मी सहन केला होता, पण ही माफी मला बघवेना. तुझ्या माथ्यावर मी लावलेला डाग ती मोठ्या मनाने पुसायला निघाली होती, आणि मी शेजारी बसून बाळाच्या पाळण्याची दोरी वळत होतो. तू ती माफी परत पाठवलीस. मी मनातल्या मनात तुला शाबासकी दिली.

सोमवारी सकाळी ती वाडीत भाजी खुडत होती, तिथे जाऊन सांगितलं. सगळं, दोरीसकट. तिने खुडणं थांबवलं नाही. टोपली भरली तेव्हा एवढंच म्हणाली, "चार महिने माज्या हातचं जेवलात." त्यानंतर तिने मला अजून शिव्या घातलेल्या नाहीत, म्हणजे पुढे खूप बाकी आहे. पण तीन दिवस माझ्या ताटात बिनमसाल्याचं कालवण पडतंय. त्या मसाल्यात बियाण्याच्या मिरच्या आहेत, तुम्हाला त्यातला चमचाभरही मिळायचा नाही, असा तिचा हुकूम आहे. मायकल खाली मान घालून आपलं लालभडक कालवण ओरपतो आणि मी पांढरं पाणी भाताला लावतो. आणि खरं सांगू, मला ते गोड लागतंय. मेपासून मी असा निवांत झोपलो नव्हतो. तुझ्यासमोर ही कबुली द्यायची बाकी होती, ती आता दिली. रागवायचं तितकं रागव. मी सासरा आहे म्हणून हातचं राखू नकोस. उखळ धुणाऱ्या त्या चौघींच्या घरी मी काल जाऊन आलो. एक हसली, एकीने मला खाटेवर बसवून चांगलं सुनावलं. तुझ्या आईवडिलांनाही हे पत्र वाचून दाखव, त्यांनीही चार महिने मान खाली घातली आहे.

आता हे पत्र आजच का, आणि मी स्वतः का आलो नाही, ते सांगतो. सोमवारी टोपली खाली ठेवल्याबरोबर मायकलची आई तशीच नंदाखालला निघाली होती, चिखलाच्या पायांनी. मी तिला बांधावर अडवलं. म्हटलं, तू तिच्या दारात उभी राहून डोळ्याला पदर लावलास की ती पोर उठून तुझ्या पाया पडेल. तिच्या आईने तिला तसं वाढवलंय, तिला नाही म्हणताच येणार नाही. एकदा आपण तिला न विचारता दोषी ठरवलं, आता न विचारता परत आणायचं का? आधी तिला खरं कळू दे, चार दिवस एकटीला विचार करू दे. ती थांबली, आणि मीही त्याचसाठी स्वतः न येता लिहितोय. घरी येऊन तिने बियाण्याचं फडकं सोडलं, बी सुपात ओतलं आणि बोटाने बरोबर दोन वाटे केले. तुझा वाटा या पत्रासोबत पुडीत आहे. तू आलीस तरी तो तुझा आणि नाही आलीस तरी तुझाच. तिकडेच राहायचं ठरवलंस तर तुझ्या बापाच्या वाडीत पेर, पण महिनाअखेरीच्या आत; म्हणून तर हे पत्र आजच धाडतोय. मायकलला मी सांगितलंय, त्याने तुझ्याकडे यावं, मी त्याला अडवणार नाही. ही वाडी मी एकटा बघेन. एवढं लिहून पत्र मिटणार होतो, पण मायकलची आई मघापासून खांद्यामागे उभी आहे आणि शेवटचं तिच्याच शब्दांत लिही म्हणते, म्हणून लिहितो: "पोरी, मी तुला धाडलेली माफी परत घेतली. ती तुजी नवतीच. आता मला माफी द्यायची का नाय, ते तू ठरव."

तुझाच,
सेबेस्टियन बाबा