सहावी चूल

प्रिय उज्ज्वला,

तुहं पाकीट मिळालं. आतला कागद दोनदा वाचला, एकदा चहा ठेवून अन् एकदा चहा उतू गेल्यावर. रागावली आहे, आधीच सांगते. पहिली ते दहावी एका बाकावर बसलो आपण, तुले माहा राग काही नवा नाई.

कागदात लेहलं आहे का मेडशीत चार वर्षांत रुग्ण कमी निघाले, म्हणून आमच्या बारा बायांच्या आरोग्य गटाची आवश्यकता उरली नाही, निधी थांबवतो, खाली गटप्रमुख वैजयंतीनं सही करावी.

बाई, चार वर्षांपूर्वी तूच आली होती तुह्या मुंबईच्या संस्थेची गाडी घेऊन. सरकारी दवाखाना, गुरांचा डॉक्टर अन् आमचा बचत गट, तिघांची मोट तूच बांधली. एकेका बाईकडे वीस घरं. कुठं ताप, कुठं जुलाब, कुठं कोंबड्या मेल्या, तिनं पाहाचं अन् दवाखान्यात कळवाचं. संस्थेच्या निधीतून पाणी तपासाच्या बाटल्या आल्या, शिकवाले नर्स आली, नमुना वाशिमले तपासून घेता आला. बाया डॉक्टर झाल्या म्हणून गावातले माणसं हसत होते. आता तेच मले रस्त्यात थांबवून आपल्या पोटाचं सांगतात.

आता आमची चूक ऐक, ती मी लपवत नाई. तुमच्या फॉर्मवर ‘रुग्ण’ लेहलं होतं अन् आमी मोजल्या चुली. काहून विचारशील. लग्नाचं चूलबंद आवतण देताना आपण घरातली माणसं मोजतो का? एक चूल म्हणजे अख्खं घर. आमच्या गटातल्या सोजरबाईनं पहिल्या महिन्यात तसंच भरलं, तिचं पाहून आमी सगळ्यांनी. यंदा भादव्यात जुलाबाची साथ आली तवा आमी सहा लेहले. त्या सहा चुलींत एकतीस माणसं होती. तुह्या साहेबानं सहा वाचलं अन् म्हटलं असेल, इथं काय आहे.

पण चुली मोजल्या म्हणूनच साथ पकडली, हेही लेहून घे. सहाही चुली एकाच नळाच्या निघाल्या, अन् नाल्याजवळ फुटलेला पाइप तिसऱ्या दिवशी सापडला. एस.टी.च्या कंडक्टरनं, इंद्रभाननं, पाण्याची बाटली मांडीवर धरून वाशिमले नेली. पाणी खराब निघालं, नळ बंद केला, साथ तिथंच मेली. नाईतर पुढच्याच गाडीनं ती अकोल्याले पोचली असती, तिले काय तिकीट लागते. देशाच्या आरोग्य-सुरक्षेचे मोठे फलक तुमच्या ऑफिसात टांगले असतील. इथं मेडशीच्या नळावर ते काम आमी बारा जणी करून राह्यलो.

आकडे दुरुस्त करून देते, माणसागणिक. पण आमी भीक नाई मागून राह्यलो. घरोघर फिराले आमचे पाय आहेत. बाटल्या, तपासणी अन् शिकवणं तुमच्याकडून पाह्यजे. भागीदारी हा शब्द तूच आणला होता ना, मग भागीदार असा एकटाच उठून जात नसतो. अन् गेलाच तर आमी घरी बसू, असं त्यानं समजू नये.

आता ते सांगते ज्याच्यासाठी लेहाले बसली. सहावी चूल एकट्या बाईची होती. माणसं मोजली तर एकतिसातली एक, पण आमच्या हिशेबी ती पूर्ण चूल. सकाळी दार उघडलं नाई म्हणून सोजरबाई मागच्या अंगानं आत गेली. बाई मोरीजवळ पडली होती, बोलता येत नव्हतं. दोन दिवस सलाईन लागली. शुद्धीवर आली तशी तिनं मले शपथ घातली का माह्या पोरीले कळवू नको, ती मुंबईत मोठ्या कामात आहे. ती शपथ मी आज मोडली. बाई आता बरी आहे, काल तिनं मले भाकर खाऊ घातली. तुहा कागद बिनसहीचा परत पाठवते. तो घेऊन एकदा घरी ये. ‘आवश्यकता उरली नाही’ हे तुह्या मायच्या चुलीपुढे बसून तिले वाचून दाखव, मग मी सही करते.

रागावली तरी तुझीच,
वैजयंती