न दाखवलेली ओळख

५ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लेकीचं लग्न ठरलं म्हणून घरभर आनंद आहे, मी मात्र काळजीत आहे. बसच्या रांगेतल्या अनोळखी बाईच्याही गुडघेदुखीची चौकशी करणारी तू, होणाऱ्या जावयाकडे परवा घरी ढुंकूनही पाहिलं नाहीस. तोही तुला बघून पांढराफटक पडला. समुपदेशक बहिणीचा भाऊ आहे मी, इतकं कळतं मला. तो तुझ्याकडे येत होता ना? कशासाठी? दारू? मारहाण? शनिवारपर्यंत कळव, नाहीतर मी नकार देणार. एकुलती एक आहे गं, आणि आईवेगळी. तूच वाढवलंस तिला.

उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
धाकटा

८ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

माझ्याकडे कोण येतं, कोण येत नाही, हे मी कुणालाच सांगत नाही. तुलाही नाही. कायदा मला तोंड उघडू देतो ते कुणाच्या जिवावर बेतलं तरच, आणि हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगते. माझ्या गप्प बसण्यातून काही अर्थ काढू नकोस. माझ्यामुळे पोरीचं लग्न मोडेल, ही भीती मलाही आहे रे. तरी उत्तर हेच. जे विचारायचं ते त्याला विचार.

रागावलास तरी माया पातळ करू नकोस.
तुझी ताई

१५ जून

ती. ताईस सा. न.

शनिवारी मी नकार कळवला. लेक माझ्याशी बोलेना. सोमवारी तो स्वतः माझ्या दुकानात आला, स्टुलावर बसला आणि सगळं सांगून मोकळा झाला. तीन वर्षांपूर्वी गाडी तो चालवत होता आणि शेजारी बसलेला त्याचा भाऊ गेला. मग यालाही जगायचं नव्हतं. तू त्याच्यासमोरच त्याच्या आईला फोन लावलास. महिनाभर तो तुझ्यावर चिडून होता. आज त्या फोनमुळेच जिवंत आहे म्हणाला. लेकीला हे आधीपासून ठाऊक होतं, मीच मेला अंधारात! त्या दिवशी तू ओळख दाखवली नाहीस, तेव्हाच त्याला कळलं की सांगायचं की नाही हे तू त्याच्यावर सोडलंयस. पण माझ्यासमोर धीर होईना त्याचा.

नकार मागे घेतलाय. त्याच्याबद्दल तुला नाही नाही ते लिहिलं, माफ कर. आता तरी सांग, तो पुरता बरा आहे ना?

तुझा मूर्ख धाकटा

१९ जून

चि. धाकट्यास आशीर्वाद.

पुन्हा तेच! त्याने सांगितलं ते त्याचं. माझं उत्तर ८ तारखेचंच.

तुझं पत्र वाचून मात्र पोटभर रडले. रविवारी येते. दार उघडलंस की सगळ्यांत आधी जावयाशी माझी ओळख करून दे.

ताई