उघड्या पोलादावरचं कुंकू

६ सप्टेंबर, शनिवार
बंदुका घडवणाऱ्या हॅलच्या शॉपमधला पाचवा वर्ग. आज त्यांनी एक जुनं रिव्हॉल्व्हर उघडून दाखवलं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने कानस मारून बसवलेलं. चाप ओढला की घोडा मागे जातो, त्याच ओढीत सिलिंडर एक घर फिरतो आणि बरोब्बर नळीसमोर थांबतो. टक्. सहा घरं, सहाही वेळा तोच टक्. शाळेत चॅपलमध्ये बसायचो तशी मी बसले होते, श्वास धरून.
तीस वर्षं या देशात गाड्यांच्या भागांची ड्रॉइंग्ज काढली. एकही भाग स्वतःच्या हाताने केला नाही.
निघताना हॅल म्हणाले, या हिवाळ्यात शेवटचा एक शिकाऊ ठेवणार, आम्हा चौघांतून. प्रत्येकाने आपल्या रिव्हॉल्व्हरचा प्लॅन काढायचा आणि नुसती फ्रेम, म्हणजे मधला सांगाडा, हाताने पॉलिशपर्यंत न्यायची. मग बघू. हॅल अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. 'शेवटचा' म्हणजे शेवटचाच.
मला ती जागा हवी आहे. इतकं काही फार वर्षांत हवंसं वाटलं नव्हतं.

७ सप्टेंबर, रवि.
नवऱ्याला सांगितलं. श्री. चहा ढवळत राहिला.
"साठीला बायका वाती वळतात, वसुधा."
"एकसष्ट. आणि वातीही वळते."
"घरात गोळ्या येणार?"
"तुझ्या बी.पी.च्या आहेत तेवढ्याच."
हसला. मग हसू गेलं. "ती वस्तू कशासाठी असते, माहीत आहे ना तुला?"
माहीत आहे. कागदी टार्गेटवर नेम धरायला, असं म्हटलं. खरं आहे, पण पूर्ण उत्तर नाही, हे दोघांनाही कळलं. हातात घेते तेव्हा भीती वाटतेच. वाटावी. पण त्या टक् पुढे मन वाकतं, त्याला काय करू?

१३ सप्टें., शनि.
प्लॅनची सुरुवात. मी नळीची लांबी विचारली तर हॅल म्हणाले, "कोणाचा हात?"
"माझा."
मातीचा गोळा दिला, म्हणाले दाब. दाबला. पाच बोटांच्या खाचा, अंगठ्याची उथळ. थंडीत तो सांधा दुखतो, पूर्ण वळत नाही. त्यांनी न सांगता ओळखलं. म्हणून घोड्याचं टोक थोडं खाली आणायचं, अंगठा पोचेल असं. मूठ अक्रोडाची, आखूड. या हाताला कुणी इतक्या बारकाईने पाहिल्याचं आठवत नाही.

१८ सप्टें.
ड्रॉइंग कागदावर, पेन्सिलने. कॉम्प्युटर नको. समोरून, बाजूने, वरून. खोडरबराचा चुरा सगळ्या टेबलावर. श्री. म्हणाला, "जेवायला जागा ठेव गं."
कानस मारताना शाळेतल्या सिस्टर बर्नडेटचा शिवणाचा तास आठवतो. टाका घाईत पडला की त्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या. बोलायच्या नाहीत. तो स्पर्श अजून मनगटावर आहे, तिथूनच कानशीचा वेग ठरतो. सिस्टरना कळलं असतं तर काय म्हणाल्या असत्या!

२१ सप्टें., रवि.
मंगलताईंकडे भजन. बातमी पोचलेली. दारातच, "काय गं वसुधा, आता तुझ्याकडे भजनाला येताना हात वर करून यायचं का?" सगळ्या खो खो. मीही. नंतर पोहे घेताना त्याच हळूच म्हणाल्या, "पण पोलाद हाताने इतकं गुळगुळीत होतं खरंच?" फोनवरचे फोटो दाखवले. एकेक मोठा करून पाहिला त्यांनी.

२७ सप्टें., शनि.
फ्रेम जवळजवळ झाली. इथल्या कायद्यात फ्रेम हीच बंदूक, म्हणून ती माझ्या नावावर आहे, रीतसर कागद करून. नळी नाही, सिलिंडर नाही, नुसता पोकळ सांगाडा. तरी दिव्याखाली धरली तर उजवी बाजू विहिरीतल्या स्थिर पाण्यासारखी. हॅलनी चष्मा कपाळावर चढवून पाहिली. "हं," एवढंच म्हणाले. आठ वर्गांत त्यांनी कुणाच्याही कामाला 'हं' म्हटलेलं नाही.
पुढच्या शनिवारी सगळ्यांच्या फ्रेम टेबलावर मांडायच्या. शेवटचा हात फिरवायला घरी आणली आहे. उघडं पोलाद, तेलाचा थर काढू नका, घामसुद्धा चालत नाही, हे त्यांचं पाचव्यांदा सांगून झालं.

२ ऑक्टोबर, गुरु. दसरा
पूजा छान झाली. पाटावर माझ्या कानशी, व्हर्नियर, श्री.चं ड्रिल, मधोमध फ्रेम. आपट्याची पानं कुठली, अंगणातल्या मेपलची ठेवली. देवापुढे तेलकट कसं ठेवायचं, म्हणून फ्रेम स्वच्छ पुसली. गंध, ओलं हळद-कुंकू, अक्षता, झेंडू. नमस्कार करताना डोळे भरून आले. आज हलवायचं नाही, राहू दे उद्यापर्यंत.

३ ऑक्टो., शुक्र.
फूल उचललं. कुंकू पुसलं.
खाली डाग. तपकिरी काळा. पुसला, तेल लावलं, नखाने हळूच पाहिलं. पोलादात उतरलाय.
पाच वेळा सांगितलं होतं त्यांनी. मीच तेल पुसलं.
जेवले नाही.

४ ऑक्टो., शनि.
टेबलावर चार फ्रेम. हॅल माझ्याशी थांबले. "इथे काय झालं?"
धुताना पाणी राहिलं म्हणता आलं असतं. सगळं सांगितलं. दसरा, तेल, कुंकू.
"म्हणजे तू हिची पूजा केलीस?"
"हिची, कानशींची, सगळ्यांचीच. वर्षातून एकदा करतो आम्ही."
बाकी तिघं बूट बघत होते.  हॅल म्हणाले, त्यांची पहिली फ्रेम लोणच्याच्या सँडविचच्या हाताने गेली होती. "तुझं कारण बरं आहे. डाग तोच."
काढायचा तर अख्खी बाजू दगडाने घासून सारखी खाली आणावी लागेल. हात एकदा कलला की कड गोल झाली, ती परत येत नाही. ठेवायचा तर तो प्लॅनमध्ये रेखाटायचा, आपला म्हणून. "मला एक उत्तर दे. शनिवारी." कुणाचीच निवड केली नाही आज.

७ ऑक्टो., मंगळ.
भंगाराच्या तुकड्यांवर सराव. पाचांपैकी तीन कडा गेल्या.
श्री. म्हणाला, "देवीने दिलेला समज आणि ठेव."
"देवीचं नाव कशाला? चूक माझी आहे."
"मग काढ."
"हात कलला तर?"
"तर कलला. तुला चुकायचंही नाही आणि चूक ठेवायचीही नाही."
राग आला. खरं आहे म्हणून आला.
दुपारी भिंगातून डाग पाहिला. बघतच राहिले. माझ्या अनामिकेच्या रेषा, एकात एक, वर्तुळं, सगळी उमटलेली. कुठल्याच हत्याराने इतकं बारीक कोरता येणार नाही. आणि हाताने ते केलं, न कळत. कितीतरी वेळ भिंग खाली ठेववेना.

११ ऑक्टो., शनि. हॅलच्या बाकावर बसून
मी दोन ड्रॉइंग्ज घेऊन आले होते. एकात डाग आहे, एकात नाही. हॅलनी दोन्ही उलटी करून ठेवली. "दोन म्हणजे उत्तर नाही, वासू." 'वसुधा' त्यांच्या जिभेवर बसत नाही.
मग फ्रेम व्हाइसच्या जबड्यात आवळली. उजवी बाजू वर. शेजारी दगड ठेवला, तेलाची बाटली ठेवली. दुसऱ्या बाजूला कोरा कागद आणि पेन्सिल. "कॉफी करतो. परत येईन तेव्हा एक काहीतरी सुरू झालेलं असू दे." आणि आत गेले.
खिडकीतून ऊन आलंय, बरोबर डागावर. रेषा मोजता येतील इतक्या स्पष्ट. चारी कडा धारदार, सरळ. त्याही माझ्याच. दोन्हींकडे पाहून छाती भरून येते.
अंगठा दुखतोय. हात मात्र थरथरत नाही, आत्ता पाहिलं.
आत कपांचा आवाज. वही बाजूला ठेवते.