सात वेळा हललेली हवा

मोताळा,
१९ जानेवारी

प्रिय रेणुका,

आधी घटना, त्यांच्या क्रमाने, मत नंतर. हा क्रम तुला रुक्ष वाटतो हे मला ठाऊक आहे. तरीही याच क्रमाने वाच, शेवटावर उडी मारू नकोस. ओळी कुठे वाकड्या गेल्या असतील किंवा एकीवर एक चढल्या असतील, तर त्याचा खुलासाही योग्य जागी येईल.

एक. सहा वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, संध्याकाळी सात वाजून एक्केचाळीस मिनिटांनी, मंगळ आणि गुरू यांच्यामधल्या पट्ट्यातला एक लहानसा लघुग्रह एका मंद ताऱ्यासमोरून जाणार होता. त्याला नाव नाही, केवळ क्रमांक आहे. त्याची सावली मोताळ्यावरून सरकणार होती. दोन. आपण दोघी गच्चीवर, चार हातांच्या अंतराने, दोन दुर्बिणींना डोळे लावून बसलो होतो. मधल्या स्टुलावर ध्वनिमुद्रक होता आणि शेजारी फोनवर सेकंदांचे ठोके वाजत होते. तीन. तारा विझताच दोघींनी ‘गेला’ म्हटले आणि चार सेकंदांनी दोघींनी ‘आला’ म्हटले. चार. त्यानंतर अकरा सेकंदांनी तू एकटीने पुन्हा ‘गेला’ आणि ‘आला’ म्हटलेस. मध्ये जेमतेम एक सेकंद. पाच. ते निरीक्षण मी तक्त्यातून तांबड्या शाईने खोडले आणि समासात शेरा लिहिला: निरीक्षकाची पापणी लवली. सहा. गेल्या मंगळवारी, ज्या निरीक्षक मंडळाला आपण तो तक्ता पाठवला होता, त्यांचे पत्र आले. त्या लघुग्रहाला एक चंद्र आहे.

त्यांनी तो दुर्बिणीतून प्रत्यक्ष पाहिलेला नाही. लघुग्रहाचा प्रकाश ठरावीक वेळाने किंचित उतरतो, यावरून त्यांनी तो सिद्ध केला. तीसएक तासांत तो एक फेरी पूर्ण करतो. आकाराने सहा किलोमीटर, म्हणजे मोताळ्याची शिवारासकट लांबी. त्याची कक्षा उलट मागे मोजत नेऊन ते विचारतात की, त्या संध्याकाळी मोताळ्याहून मुख्य लोपानंतर सुमारे अकरा सेकंदांनी तारा पुन्हा मंदावल्याची काही नोंद आहे काय? नोंद आहे. तांबड्या रेघेखाली आहे.

तुला ती संध्याकाळ माझ्याइतकीच आठवत असेल. खाली सोजराबाई भाकरी थापत होती आणि तिथूनच ओरडत होती, ‘बाई, त्या चांदणीले पाहू पाहू एक दिस तुमचे डोये जातीन, मंग मले नोका सांगू!’ मी तिला वरूनच गप्प केले. ठोक्यांत तिचा आवाज मिसळत होता, हे माझे कारण. मग तो दुसरा लोप झाला, आणि तू स्टुलाला धक्का देत उठलीस. ‘आई, परत गेला होता! तू पाह्यलं ना?’ एम.एस्सी.च्या उंबरठ्यावरची मुलगी, आणि मोजमापाच्या क्षणी बाजारातल्यासारखी ओरडते, हेच मला आधी खटकले. मी म्हटले, डोळे मिचकावणारीला आकाशात चंद्र फार सापडतात. तू म्हणालीस, ‘काऊन खोडतेस? मी पाह्यलं हाय.’ मी म्हटले, एका गच्चीवरून दोन डोळ्यांना दोन वेगळी आकाशे दिसत नाहीत. फरक असेल तर तो डोळ्यात आहे. हे वाक्य आजही निर्दोष आहे. फक्त डोळा कोणाचा, हे मी तपासले नाही.

त्याच वर्षी जूनमध्ये तू भौतिकशास्त्र सोडलेस. अकोल्याला गेलीस, नोकरी धरलीस, आणि तेव्हापासून माझ्या लांब पत्रांना फोनवर दोन शब्दांची उत्तरे येतात: ‘ठीक आहे’, ‘बघू’. मी त्याला हट्ट म्हणत आले. हे क्षमापत्र आहे असे मात्र समजू नकोस. तुझे निरीक्षण बरोबर होते, माझा शेरा चूक होता, आणि तसे मी मंडळाला सही करून कळवले आहे. तुझे नाव निरीक्षक म्हणून स्वतंत्र लिहिले आहे. एवढेच सांगायचे असते, तर एक पोस्टकार्ड पुरले असते.

पत्र आले त्या दुपारी मी ते जुने ध्वनिमुद्रण काढले. मला एकच गोष्ट समजत नव्हती. चार हातांवर बसून, तेहतीस वर्षांचा सराव असताना, मला तो दुसरा लोप कसा दिसला नाही? ऐकता ऐकता उत्तर मिळाले. दिसला होता. तुझ्या दुसऱ्या ‘गेला’पाठोपाठ माझा आवाज आहे, अगदी हलका, कंटाळलेला: ‘हवा हलते आहे.’ मी मुद्रण पहिल्यापासून लावले. पाऊण तासात मी ‘हवा हलते आहे’ असे सात वेळा म्हटले आहे. तारा सात वेळा माझ्या डोळ्यासमोरून गेला आणि परत आला. तिसऱ्या वेळेनंतर तू म्हणतेस, ‘आई, हवा तर एकदम शांत हाय. लुकलुकून बी नाही राह्यला तो.’ त्यावर मी तुला भाषा सुधारायला सांगते.

हवा शांतच होती, रेणुका. तुझ्यासाठी तारा दोनदाच गेला: एकदा लघुग्रहामुळे, एकदा त्याच्या चंद्रामुळे. माझ्यासाठी तो इतक्यांदा जात होता की, खरे जाणे कोणते हे मला ओळखता येईना, आणि मी सगळ्याला हवा म्हटले.

तिथून पुढे मी घरातल्या सगळ्या ‘हवा’ मोजू लागले. गेली दोन वर्षे मी वाचताना ओळीतला शेवटचा शब्द गाळते आणि छपाईला नावे ठेवते. गच्चीच्या जिन्याची तिसरी पायरी मला झिजलेली वाटते. मोजून पाहिली, ती इतरांइतकीच आहे. परवा सोजराबाई म्हणाली, ‘बाई, कपाच्या भाईर ओतून राह्यल्या ना चहा!’ मी तिला म्हटले की कप तूच सरकवलास. ती नुसती बशी पुसत राहिली, आणि मला त्या पुसण्याची भीती वाटली.

तुझे आजोबा किसनराव आठवतात का? नांदुऱ्याच्या स्टेशनवर त्यांनी आयुष्यभर सिग्नलचे दिवे पुसले, पेटवले. निवृत्तीनंतर तीन वर्षांत भिंतीला हात लावून चालू लागले. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताने नेहमी डाव्या बाजूला लवंडायचा. ‘माह्या डोयात मोती पिकला, पोरी,’ ते म्हणायचे, आणि सगळ्या घराने, गल्लीने ते मान्य केले. मी तेव्हा विद्यापीठात शोधनिबंध लिहीत होते. एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये असे विद्यार्थ्यांना बजावत होते. वडिलांच्या डोळ्यांचे निदान मात्र मी त्यांच्या स्वतःच्या एका वाक्यावरून स्वीकारले. त्यांना कुणीही डॉक्टरकडे नेले नाही, मीही नाही.

शुक्रवारी मी बुलढाण्याला जाऊन डोळे तपासून घेतले. तिथे एक पांढरे, पोकळ घमेल्यासारखे यंत्र आहे. हनुवटी टेकवायची, नजर मध्यावर रोखायची, आणि आजूबाजूला प्रकाशाचा ठिपका चमकला की हातातले बटण दाबायचे. मी मनात हसले. हे तर माझे जन्मभराचे काम! डॉक्टरीणबाईंनी तक्ता समोर ठेवला, तेव्हा त्यात काळे डाग होते. जिथे दिवा लागला होता आणि मी बटण दाबले नव्हते, त्या सगळ्या जागा. मी त्यांना यंत्र सदोष आहे असे सांगून परीक्षा पुन्हा घ्यायला लावली. त्यांनी न रागावता घेतली. डाग तिथेच होते. काचबिंदू. उजव्या डोळ्याचे निम्म्याहून अधिक क्षेत्र गेले आहे, डाव्याचे जाऊ लागले आहे. गेलेले परत येत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, काही म्हणजे काही सांगत नाही. माणूस फक्त हवेला, छपाईला, पायरीला दोष देत राहतो. उरलेले थेंबांनी राखता येते, वेळेवर कळले तर. वडिलांचे वर्णन ऐकून त्या म्हणाल्या की मोतीबिंदू नसावा, हेच असावे. मग त्यांनी पेन खाली ठेवले आणि मला मुले किती, ते विचारले.

आता मी हे पत्र का लिहिले ते सांगते. ऑक्टोबरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला तू दोन दिवस आली होतीस. फाटकातून आत येताना तुझी स्कूटर डाव्या बाजूने खांबाला घासली. जेवताना तुझ्या डाव्या हाताने पाण्याचा पेला लवंडला. दुसऱ्या दिवशी पुन्हा, त्याच बाजूला. मी तुला सोजराबाईसमोर वेंधळी म्हटले. तू मान खाली घालून फडके आणलेस. ती तीन निरीक्षणे मी पुन्हा पुन्हा मांडून पाहते आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदाच आपण चुकलो असावे अशी इच्छा करते आहे. तो तुझा निव्वळ वेंधळेपणा असू दे. मी शंभर पेले आणून ठेवीन. पण माझ्या शेऱ्यावर आता माझाच विश्वास उरलेला नाही, आणि तू त्याच नजरेने रोज अकोल्याच्या हमरस्त्यावर गाडी चालवतेस. तुझ्या डोळ्यांनी मोताळ्यात जे पाहिले, ते माझ्या सबंध विद्वत्तेला दिसले नाही. ते डोळे मला हवेवर सोडायचे नाहीत. या आठवड्यात डोळ्यांची पूर्ण तपासणी करून घे: दाब, नस, आणि ते पांढरे घमेले. तोवर स्कूटरला हात लावू नकोस. ‘ठीक आहे’ मला चालणार नाही. तपासणीचा तक्ता, दोन्ही डोळ्यांचा, आणि सोबत तुझ्या हाताने लिहिलेले पत्र, मोठ्या अक्षरांत, म्हणजे मला वाचता येईल. डाग असोत वा नसोत, मला लेखी उत्तर पाठव.

तुझीच,
आई