माझ्यामागं ह्यांनी काय खावं

६ जानेवारी

दोनशे एकसष्ट! दोन फ्रोझन पराठ्यांनी! जेवायच्या आधी ह्यांची शुगर एकशे अडतीस होती. दोन तासांनी बोट टोचलं तर हे. पाकिटावर गव्हाची कणसं छापलीत, मोठ्या अक्षरात 'मल्टिग्रेन'. मागं बारीक अक्षरात पहिलाच जिन्नस — मैदा!

हे म्हणाले, "कशापायी आणलंस ह्ये? भाकरी काय वंगाळ हुती?"

म्हटलं, नवीन निघालंय, बघू तरी खाऊन.

खरं कारण इथंच लिहिते. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलंय — गाठ स्वादुपिंडात आहे, लिव्हरपर्यंत गेलीय. "उन्हाळ्यापर्यंतचं धरून चाला, ताई." ह्यांना मी सांगितलंय, पित्ताशयाला सूज आहे. खरं फक्त लेकीला माहीत. प्रियदर्शनीला. ती पुण्यात.

मी गेल्यावर ह्यांना भाकरी कोण थापून देणार?

९ जानेवारी

आज पोटात कमी दुखतंय. तर नीट लिहिते.

ह्यांच्या उजव्या हाताला अंगठा आणि करंगळी, एवढंच. मधली तीन बोटं फौजेत असताना बर्फात गेली. चहा करतात, अंडं उकडतात, बंबात जळण घालतात. पण पीठ मळणं, भाकरी थापणं जमत नाही. एकदा माझ्या तापात प्रयत्न केला होता — परातीत नुसता चिखल! दोघंही हसत बसलो होतो.

पुण्याला जायचे नाहीत. "लेकीच्या दारात बसून काय करू?" इथं पलूसमध्ये डबे देणाऱ्या दोन बायका आहेत. दोघींच्या डब्यात भाताचा डोंगर नि बटाट्याचा रस्सा. आणि मोठ्या दिरांचं मी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांनाही शुगरच. जाऊबाई गेल्यावर लालासाहेब मिळेल ते खात राहिले. आधी अंगठा काळा पडला, मग पाय काढला, मग तेच गेले.

म्हणून हे फ्रोझन. मिरजेला तपासणीला गेले की येताना सांगलीच्या एका थंडगार दुकानातून दोन-दोन पाकिटं आणते. तव्यावर टाकायचं नि खायचं — तेवढं ह्यांना जमेल. फक्त त्यातलं चालतं कुठलं नि घात करतं कुठलं, ते मी असेपर्यंत कळायला पाहिजे.

११ जानेवारी

बटाट्याच्या टिक्क्या. दोनशे एकोणऐंशी. बाद!

१४ जानेवारी

संक्रांत. शेजारची दीपमाला तिळगूळ घेऊन आली. ह्यांनी एक कण जिभेवर ठेवला नि बाकीचा मला दिला. गेली पंधरा वर्षं असंच करतात. मला गिळवला नाही. पदराच्या टोकाला बांधून ठेवला.

१९ जानेवारी

पाकिटातला मटार नि भाज्यांचे तुकडे. ते नुसते गोठवलेले असतात, वर काही लावलेलं नसतं. कढईत तेल-मोहरी, भाज्या, वर दोन अंडी फोडली. सोबत अर्धाच पराठा. आधी भाजी खायची, पराठा शेवटी — हे प्रियदर्शनीनं कुणाला तरी विचारून सांगितलं. एकशे बाहत्तर!

पाकिटातल्या इडल्यांनी मात्र फसवलं. वाफेवरचं, तेलाचा थेंब नाही, म्हणून चार दिल्या. शुगर पराठ्याच्याच वर गेली.

हे बोट पुढं करून म्हणाले, "आदी बर्फानं बोटं खाल्ली. आता ऱ्हायल्याली तू भोसकतीस. आन खायालाबी बर्फातलंच!"

मी हसले. मग मोरीत जाऊन नळ सोडला नि रडून घेतलं.

२६ जानेवारी

उलट्या. काही नाही लिहीत.

२ फेब्रुवारी

आज ह्यांना गॅससमोर उभं केलं. मी स्टुलावर बसून सांगत होते. आवं, आच बारीक करा. पाकीट अर्धंच रिकामं करा, बाकीचं लगेच आत ठेवा. सोयाचे तुकडे चालतात, मासा चालतो, पिठात घोळवलेलं काही आणायचं नाही —

ह्यांनी गॅस बंद केला. माझ्याकडं पाठ करूनच म्हणाले, "किती दिस हायेत?"

मी पाकिटाचं तोंड दुमडत बसले.

"फौजेत पुढची चौकी रिकामी झाली तर आदी सांगायचे आमाला. तू न्हाई सांगितलंस."

"तुमचं जेवण सुटलं असतं," मी म्हटलं.

"सुटंल तर सुटंल! त्ये माजं मी बघंन!" एवढ्यांदा ओरडले की कुत्रं पळालं अंगणातलं. माझ्यावर आवाज चढवायची ह्यांची सवय नाही. मग खालीच बसले, माझ्या पायाशी, फरशीवर. दोन बोटांच्या हातानं माझा घोटा धरून ठेवला. सुजलाय तो.

मग उठले. "मासा किती येळ ठेवायचा तव्यावर?"

९ फेब्रुवारी

आता हेच विचारतात — आज काय तपासायचं? चष्मा लावून पाकिटांच्या मागचं वाचतात. सांगलीच्या दुकानात पोराला म्हणाले, "समोरचं नगं दाखवू, पाठीमागचं दाखव." पोरगं बघतच राहिलं.

मला पेजेशिवाय काही उतरत नाही. ती पण हेच करतात. पहिल्या दिवशी करपवली. मी प्यायले.

२१ फेब्रुवारी

सगळं ह्यांनी केलं! मी आतल्या खोलीत पडून नुसता वास घेत होते. मटार, सोयाचे तुकडे, वर लिंबू. बेसनाचं धिरडं — ते थापावं लागत नाही, ओतलं की झालं! हे मला कसं सुचलं नव्हतं इतके दिवस? ह्यांना सुचलं.

दोन तासांनी मशीन माझ्यासमोर धरलं. एकशे एकोणपन्नास.

"झालं का समाधान?" म्हणाले.

झालं. खरंच झालं. किती दिवसांनी गाढ झोप लागली दुपारी.

२८ फेब्रुवारी

प्रियदर्शनी रजा काढून आलीय. माझ्यासाठी. भावकीतल्या बायका येऊन बघून जातात. बोलत नाहीत, नुसता हात हातात घेतात. हे सगळ्यांना चहा देतात, बिनसाखरेचा. कुणी तक्रार करत नाही.

११ मार्च

हे गेले.

परवा सकाळी मी उठवायला गेले तर अंग गार. हार्ट अटॅक. डॉक्टर म्हणाले, शुगर असली की कधी कधी छातीत कळसुद्धा येत नाही. आदल्या रात्रीची शुगर एकशे एक्केचाळीस होती.

घर भरलंय माणसांनी. सगळ्यांनी माझी तयारी ठेवली होती. ह्यांच्या जाण्याची कुणाचीच नव्हती. माझीपण.